चेतावणी कोणी कोणास द्यावी? : ‘स्वदेशी’चे ‘द वारली रिव्होल्ट’ आणि आपली गीतपरंपरा

कोळगाव हे आज पालघर जिल्ह्याचे मुख्यालय आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी हा जिल्हा निर्माण झाला आणि २०२१ साली जिल्हाधिकारी कार्यालय येथील नव्या इमारतीत आले. तेव्हापासून वनपट्ट्यांसाठी, पाण्यासाठी आणि संपादित जमिनींच्या न्यायासाठी निघणारे मोर्चे पालघर-बोईसर रस्त्याने येथवर येतात. मोर्च्यांबरोबर गीतेही येतात. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाची आखणी करण्यासाठी आम्ही विहारात बसलो असता काही तरुणांनी भ्रमणध्वनीवर एक गीत ऐकविले व ते कार्यक्रमात वाजवावे अशी सूचना केली. गीत होते मुंबईच्या ‘स्वदेशी’ या समूहाचे ‘द वारली रिव्होल्ट’. ज्येष्ठ उपासकांनी त्यावर तीन आक्षेप घेतले. गीतवाद्य शीलात वर्ज्य आहे, हा पहिला. गीताची भाषा क्रोधाची आहे, मैत्रीची नाही, हा दुसरा. विषय आदिवासींचा आहे, गाणारे आपल्या चळवळीतले नाहीत, तेव्हा हे आपले गीत नव्हे, हा तिसरा. पालि वाङ्मयाचे अध्यापक म्हणून आम्हांस मत विचारण्यात आले. आम्ही वेळ मागून घेतला आणि नंतर ते गीत पुनःपुन्हा ऐकले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे आमचे उत्तर होय.

प्रथम गीताविषयी. ‘स्वदेशी’ हा हिपहॉप गायकांचा समूह असून त्याचे गायक मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषांतून रचना करतात. त्यांपैकी एमसी मवाली आणि एमसी तोडफोड ही नावे २०१९ च्या ‘गली बॉय’ या चित्रपटातील ‘इंडिया ९१’ या गीतामुळे बऱ्याच लोकांपर्यंत पोहोचली. ‘द वारली रिव्होल्ट’ हे गीतही २०१९ चेच. त्यात या समूहासमवेत मुंबईच्या आरे परिसरातील केलटीपाड्याचे आदिवासी कार्यकर्ते व लोकगायक प्रकाश भोईर गातात. जंगल आणि जमीन ज्यांची, त्यांनाच तेथून उठविले जात आहे, हा गीताचा विषय आहे. पुढे २०२० साली या समूहाचा ‘चेतावनी’ हा संग्रह आला. त्या नावाकडे आम्ही लेखाच्या अखेरीस वळणार आहोत.

आता पहिला आक्षेप. नृत्य, गीत, वाद्य व तमाशा पाहण्यापासून विरत राहण्याचे शील अष्टशीलात आणि श्रामणेराच्या दशशीलात येते. गृहस्थाने नित्य पाळावयाच्या पंचशीलात ते नाही. उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेतलेल्या उपासकाने गीत ऐकू नये, हे योग्यच. परंतु त्या आधारावर गीतमात्राला अधम्म ठरविता येत नाही. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात आणि विनयाच्या चुल्लवग्गात दीर्घ गीतस्वरात धम्म म्हणण्याचे पाच दोष सांगितले आहेत. म्हणणारा स्वतःच त्या स्वरात आसक्त होतो. ऐकणारे आसक्त होतात. हे आमच्याचसारखे गातात, अशी गृहस्थ कुरकुर करतात. स्वर घोटण्याच्या नादात समाधी भंगते. आणि मागून येणारे तोच कित्ता गिरवितात. हा उपदेश भिक्खूंना आहे आणि त्याच प्रसंगी सरभञ्ञाची, म्हणजे सस्वर पठणाची अनुज्ञाही आहे. सुराने आशयाला गिळू नये, ही त्यामागील दृष्टी आहे. गृहस्थाच्या गीतालाही ती लागू पडते.

हीच दृष्टी दीघ निकायाच्या सक्कपञ्ह सुत्तात अधिक प्रसन्न रूपात भेटते. देवांचा राजा सक्क याला तथागतांना प्रश्न विचारावयाचे असतात. परंतु ध्यानस्थ तथागतांसमोर एकाएकी जाण्याचा त्याला संकोच वाटतो. म्हणून तो पञ्चसिख नामक गंधर्वाला पुढे धाडतो. पञ्चसिख आपली बेलुवपण्डु वीणा घेऊन इंदसाल गुहेजवळ उभा राहतो आणि जे गीत गातो ते चक्क प्रेमगीत असते. त्यातच बुद्ध, धम्म आणि अर्हंत यांचा उल्लेख गुंफलेला असतो. तथागत रागावत नाहीत. त्यांचा अभिप्राय असा की, तुझ्या तारांचा स्वर गीताच्या स्वराशी मिळतो आणि गीताचा स्वर तारांच्या स्वराशी. कोणी कोणावर कुरघोडी करीत नाही. मग ते विचारतात, हे गीत तू केव्हा रचलेस? आमच्या दृष्टीने संगीतसमीक्षेचा याहून नेमका निकष दुसरा नाही. वाद्य आणि शब्द यांनी परस्परांवर मात करू नये.

या निकषावर आपल्या परंपरेकडे पाहावे. सत्यशोधक जलशाने तमाशाचा साज घेतला आणि त्यातील आशय बदलला. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने तेच कार्य गावोगावी नेले. आपली दहा भाषणे आणि एक जलसा यांचे मोल सारखेच, असे उद्गार बाबासाहेबांनी या जलशाविषयी काढल्याचे सांगितले जाते. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी लोकांच्या ओठी बसणारी असंख्य गीते दिली आणि पुढे प्रल्हाद शिंदे यांच्या बुलंद आवाजाने ध्वनिफितींतून घराघरांत प्रवेश केला. या सर्वांत ढोलकी होती, हार्मोनियम होते, परंतु शब्द स्पष्ट ऐकू येत होता. निरक्षर आईने गीत ऐकून महाडचा इतिहास मुलांना सांगावा, इतका तो स्पष्ट होता. आज १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात आणि त्यांच्या आघातात वामनदादांच्या रचनेतील एक शब्दही कानी पडत नाही. पञ्चसिखाची वीणा गीताच्या छातीवर बसली आहे. हे आम्ही तक्रारीच्या सुरात लिहीत नाही. मिरवणुकीतील आनंद खरा आहे. पण जे गीत ऐकून कोणी काही शिकत नाही, ते आपल्या जलशाचे वारस म्हणता येणार नाही.

रॅप हा प्रकार तालावर वेगाने म्हणावयाच्या पद्याचा आहे. त्याचा सर्व भार शब्दावर आहे. चाल जवळजवळ नसतेच. यमक, आघात आणि श्वास यांवर गायकाचे कौशल्य ठरते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १९७० च्या दशकात कृष्णवर्णीय तरुणांनी तो घडविला. ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये या शहरी पठणाच्या शेजारी प्रकाश भोईरांचा लोकगायकाचा गळा येतो आणि दोघांमधील फरक लपविण्याचा प्रयत्न केलेला नाही, हे आम्हांस विशेष वाटले. लोकगायकाला कोपऱ्यात सजावटीसाठी बसवून मुख्य जागा स्वतःकडे ठेवण्याचा प्रमाद अशा संयोगांत वारंवार घडतो. येथे भोईरांचा आवाज गीताचा कणा आहे आणि तरुण गायक त्याच्या बाजूने उभे राहून बोलतात. आम्ही हे गीत दोन प्रकारे ऐकले. भ्रमणध्वनीच्या लहानशा ध्वनिवर्धकावर शब्द न शब्द कळला. तेच विहाराच्या अंगणात मोठ्या यंत्रावर लावले, तेव्हा खालच्या सुरांच्या घुमाऱ्यात निम्मे शब्द बुडाले. दोष गीताचा थोडा आणि ऐकण्याच्या आपल्या सवयीचा अधिक, असे आमचे मत झाले. या समूहातील एमसी तोडफोड म्हणजे धर्मेश परमार यांनी आपल्या एकल संग्रहाला ‘ट्रुथ अँड बेस’ असे नाव दिले होते. एका बाजूला सत्य, दुसऱ्या बाजूला वाद्याचा खर्ज. इंदसाल गुहेपाशी ज्या जोडीचा विचार झाला, तीच ही जोडी. हा संग्रह ८ मार्च २०२२ रोजी प्रकाशित झाला आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी धर्मेश यांचे निधन झाले. संस्कारांची अनित्यता आपण रोज उच्चारतो. अशा वेळी तिचा अर्थ कळतो.

दुसरा आक्षेप क्रोधाचा. तो अधिक गंभीर आहे, कारण क्रोधाचे कारण न्याय्य असले म्हणून दोस हा क्लेश राहत नाही असे नाही. परंतु कठोर बोलणे आणि द्वेषाने बोलणे यांत धम्माने भेद केला आहे. मज्झिम निकायात अभय राजकुमार तथागतांना कोंडीत पकडण्यासाठी विचारतो, दुसऱ्याला अप्रिय वाटेल अशी वाणी आपण उच्चारता काय? तथागत त्याच्या मांडीवरील बालकाकडे निर्देश करून प्रतिप्रश्न करतात की, या मुलाने तोंडात खडा घातला तर तू काय करशील? राजकुमार उत्तर देतो, रक्त आले तरी बोट घालून तो बाहेर काढीन, कारण मला त्याची अनुकंपा आहे. त्यानंतर तथागत वाणीची कसोटी सांगतात. जे सत्य आहे आणि हितकर आहे, ते अप्रिय असले तरी योग्य काळ जाणून बोलावे. जे असत्य किंवा अहितकर आहे, ते कितीही प्रिय असले तरी बोलू नये.

सत्य, हित आणि काल या तीन कसोट्या या गीताला लावून पाहू. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आरेतील वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविण्यास सांगितले, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे भुईसपाट झाली होती आणि विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली होती. ज्या वर्षी हे घडले त्याच वर्षी हे गीत आले. म्हणजे त्यातील भय कल्पित नव्हते आणि त्याची वेळही चुकली नव्हती. हिताच्या कसोटीवर मात्र थोडे थांबावे लागते. आरेतील मेट्रो २०२४ साली धावू लागली. गीताने झाडे वाचविली नाहीत. तरीही मुंबईत जन्मलेल्या अनेक तरुणांना आपल्या शहरात आदिवासी पाडे आहेत हेच ज्ञात नव्हते. ते अशा गीतांमुळे ज्ञात झाले. घशातील खडा निघाला नसेल, पण घशात खडा आहे, एवढे तरी घरच्यांना कळले. यास आम्ही हितच म्हणू.

पालघरच्या वाचकास या गीताचा आणखी एक अर्थ लागतो. गीताचा रोख आरेवर असला तरी ‘वारलींचे बंड’ म्हटले की डहाणू-तलासरीच्या माणसास १९४५ आठवते. त्या काळी या टापूत सावकार-जमीनदारांकडे वेठ होती. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी वारली जोडपे आयुष्यभर धन्याच्या शेतावर राबे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ न करण्याची प्रतिज्ञा घेऊन परतले. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली हा लढा पसरला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथील गोळीबारात जेठ्या गांगड व अन्य चार वारली मारले गेले. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात हा सर्व वृत्तांत लिहिला असून १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गीत ऐकणाऱ्याला हा तपशील आपल्या पदरचा घालावा लागतो. नाव इतके मोठे घ्यावे आणि त्यामागची माणसे ऐकणाऱ्याच्या माहितीवर सोपवावीत, ही या रचनेची पहिली उणीव होय. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे वारली चित्रकला जगभर गेली, पण पुढे ती पिशव्यांवर आणि दिवाणखान्यांच्या भिंतींवर केवळ नक्षी होऊन राहिली. चित्र घरात आले, चितारणारा दाराबाहेरच उभा राहिला. बंडाचेही असे नुसते नाव उरू नये.

दुसरी उणीव आवाजांची. या गीतातून बोलतात ते पुरुष. वारली समाजात विवाहाचे विधी गीतांनी पार पाडणारी ‘धवलेरी’ ही स्त्री असते. १९४५ च्या लढ्याची कथा लिहिणारीही स्त्रीच होती. थेरीगाथेसारखा ग्रंथ जपणाऱ्या परंपरेतील वाचकाला ही अनुपस्थिती खटकल्यावाचून राहणार नाही.

तिसरा आक्षेप, हे गीत आपले नव्हे. याचे उत्तर देताना आम्हांस थोडे आत्मपरीक्षण करावे लागले. १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले, ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथरवरून. ज्या न्यूयॉर्कमध्ये रॅप जन्मले, त्याच नगरीतील कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले. तेव्हा परका गीतप्रकार म्हणून नाके मुरडण्याचा अधिकार आपणांस नाही. विषय परका आहे काय? ‘वेठ’ हा शब्द आपल्या आजोबांना कोणी समजावून सांगावा लागला नव्हता. महार वतनाची वेठ मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते. गावकुसाबाहेरचा माणूस आणि जंगलातला माणूस यांच्या खांद्यावरचे जू वेगवेगळ्या दोरांनी बांधलेले होते, पण ओझे सारखेच होते.

येथे एक अवघड गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ६ मे १९४५ रोजी मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात जातीय पेचप्रसंगावर भाषण करताना बाबासाहेबांनी असा अभिप्राय दिला होता की, आदिवासी जमातींत राजकीय जाणीव अद्याप विकसित झालेली नाही आणि त्या इतरांच्या हातचे साधन बनू शकतात. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी झरीची सभा झाली. उपलब्ध माहितीवरून काढलेला तो त्या काळचा निष्कर्ष होता आणि त्याच बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडविलेल्या संविधानात पाचवी व सहावी अनुसूची आणि अनुसूचित जमातींचे आरक्षण आले. मत परिस्थितीबरोबर तपासून घ्यावे, हीच त्यांची शिकवण. परंतु आपल्यापैकी काहींनी ते एक वाक्य धरून ठेवले आणि ‘आदिवासींना आपण जागे करू’ असा वडीलकीचा सूर लावला. आमच्याही मनात तो होता, हे मान्य केले पाहिजे. झरीने त्याला १९४५ सालीच उत्तर दिलेले आहे आणि केलटीपाड्याचा गायक आज पुन्हा देत आहे. म्हणून हे गीत विहारात ऐकावे, असे आमचे मत झाले. ते आपल्या स्तुतीचे नाही, हेच ते ऐकण्याचे एक कारण आहे.

आता ‘चेतावनी’ या नावाविषयी. आपल्याच जिल्ह्यातील सोपारा येथे सम्राट अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला. या भूमीचा आपणांस योग्य अभिमान आहे. पण अशोकाच्या त्याच लेखमालेतील तेरावा लेख पूर्ण वाचला पाहिजे. कलिंगयुद्धाचा पश्चात्ताप व्यक्त करणाऱ्या त्या लेखात राज्यातील अटवींचा, म्हणजे अरण्यवासी लोकांचाही उल्लेख आहे. राजा त्यांच्याशी सलोख्याने वागू पाहतो; मात्र पश्चात्ताप झाला असला तरी आपल्या ठायी शिक्षा करण्याचे सामर्थ्य आहे, याचीही त्यांना जाणीव करून देतो. धम्मविजयाची भाषा बोलणाऱ्या राजाचीही अरण्यवासीयांना उद्देशून चेतावणी होती. पुढील बावीस शतके हीच दिशा राहिली. राजे, सावकार, वनखाते, प्रकल्पाधिकारी यांनी जंगलास चेतावणी द्यावी आणि जंगलाने ती ऐकावी. या जिल्ह्यात तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टीची गावे उठली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली, तेव्हा किनाऱ्यावरील मच्छीमारांना हाच क्रम परिचित वाटला असेल. ‘स्वदेशी’च्या या गीतात बोलण्याची दिशा उलटली आहे. येथे अटवी बोलते आणि राज्याला ऐकावयास सांगते. आमच्या मते गीताचे खरे महत्त्व येथेच आहे.

शब्दाचाही थोडा विचार करावा. हिंदीत ‘चेतावनी’ म्हणजे सावध करणे. मराठीत ‘चेतविणे’ म्हणजे पेटविणे. पालीत ‘चेतना’ म्हणजे कर्मामागील संकल्प. चेतनेलाच तथागतांनी कर्म म्हटले आहे. राजकीय गीत सावध करू शकते, पेटवूही शकते. ऐकणाऱ्याच्या मनात संकल्प निर्माण होतो किंवा नाही, हे मात्र गाणाऱ्याच्या हाती पूर्णपणे नसते. त्याची निम्मी जबाबदारी ऐकणाऱ्यांवर पडते.

म्हणून तरुणांना आमचे उत्तर असे. गीत अवश्य वाजवावे. अष्टशील घेतलेल्या उपासक-उपासिकांचा उपोसथ संपल्यावर, वंदनेपासून वेगळ्या वेळी, दुसऱ्या दिवशी सायंकाळी अंगणात वाजवावे. यंत्राचा आवाज इतकाच ठेवावा की मागच्या रांगेतील आजीबाईंनाही शब्द कळेल. गीतापूर्वी कोणीतरी झरी आणि तलवाड्याची हकिकत दहा मिनिटांत सांगावी. शेजारच्या पाड्यावरील कोणी सांगावयास आले तर अधिक उत्तम, आणि ती धवलेरी असेल तर तिला प्रथम बोलू द्यावे. गीत संपल्यावर टाळ्या वाजवून उठू नये. पञ्चसिखाचे गीत संपले तेव्हा सक्काचे काम कोठे संपले होते? गीताने केवळ दार उघडले. नंतर सक्क पुढे आला आणि त्याने विचारले की, प्राणी वैरावाचून जगू इच्छितात, तरी वैरातच का जगतात? तथागतांनी ईर्ष्या आणि मच्छरिय, म्हणजे कृपणता, ही कारणे सांगितली. मच्छरियाच्या पाच प्रकारांत पहिले आहे आवासमच्छरिय : आपल्या राहण्याच्या ठिकाणी दुसऱ्यास जागा न देण्याची वृत्ती. सुत्तात त्याचा संदर्भ भिक्खूंच्या निवासाचा आहे. पण आरेत, वाढवणला आणि आपल्या स्वतःच्या वस्तीत त्या शब्दाचा अर्थ काय होतो, हा प्रश्न त्या सायंकाळी अंगणात विचारला जावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.